कारखान्यातून थेट आलेली कार्बन फ्रेम कशी पारखावी : मागवण्याआधीपासून यवतेश्वरचा घाट उतरेपर्यंत

कारखान्यातून थेट मागवलेली सायकलची कार्बन फ्रेम स्वस्त पडते, कारण मधली दुकानं, जाहिराती आणि नावाची किंमत त्यातून वजा होते. त्यांच्यासोबत आणखी एकजण वजा होतो : गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी फ्रेम मोजून बघणारा माणूस. मोठे ब्रँडही चीन आणि तैवानमधल्या कारखान्यांतूनच माल बनवून घेतात, पण ते आपली मापं ठरवून देतात, बेअरिंगच्या जागा तपासतात आणि नापास माल बाजूला काढायला लावतात. थेट खरेदीत हे काम घेणाऱ्याच्या अंगावर येतं. साताऱ्यात तर ते टाळताच येत नाही, कारण इथे सायकल सपाटीवर फार वेळ राहत नाही. कासला जायचं तर यवतेश्वरचा घाट, पाचगणीला जायचं तर पसरणीचा, मेढ्याहून महाबळेश्वर गाठायचं तर केळघरचा. चढलेला प्रत्येक घाट उतरावाही लागतो, आणि उतरताना ब्रेक दाबला की बराचसा भार फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या काट्यावर, येतो.

खालचा क्रम अशा हिशोबाने लावला आहे की जोडणीला हात लावण्याआधी सगळं मोजून व्हावं. एकदा बेअरिंग ठोकलं किंवा स्टिअरर (फोर्कची हँडलपर्यंत वर जाणारी नळी) कापला, की कारखान्याला ‘हे तुम्हीच बिघडवलं’ म्हणायला जागा मिळते.

मागवण्याआधी : कागद आणि प्रश्न

जाहिरातीतला सगळ्यात मोठ्या अक्षरातला आकडा असतो टी ७००, टी ८०० किंवा टी १०००. ही जपानच्या तोरे कंपनीच्या धाग्यांची नावं. टी ७०० चा मोड्यूलस, म्हणजे धाग्याचा ताठपणा, सुमारे २३० गिगापास्कल असतो, टी ८०० चा सुमारे २९४. एम ४० जे सारखे आणखी ताठ धागे ३७७ पर्यंत जातात, पण ते कमी ताणात तुटतात, त्यामुळे दगड लागणं, सायकल आडवी पडणं असले मार कमी सोसतात. फ्रेममध्ये कोणता धागा आहे हे डोळ्यांना कळत नाही. वर दिसणारी चौकटीची वीण तर बहुतेक वेळा फक्त शोभेचा शेवटचा थर असतो. फ्रेमचा दर्जा ठरतो तो थर कोणत्या कोनात, किती आणि किती घट्ट बसवले यावर. टी ७०० ची नीट बसवलेली फ्रेम ही ‘टी १०००’ लिहिलेल्या ढिसाळ फ्रेमपेक्षा कधीही बरी. म्हणून त्या आकड्यावर पैसे वाढवून देऊ नयेत.

त्याऐवजी कारखान्याकडून लेखी मागायच्या गोष्टी अशा. पहिली, आयएसओ ४२१० या सायकलच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या सहाव्या भागानुसार झालेल्या चाचणीचा पूर्ण अहवाल. फ्रेम आणि फोर्कच्या चाचण्या याच भागात येतात. रेसिंग सायकलसाठी त्यात पेडलवर आलटून-पालटून ११०० न्यूटन, म्हणजे साधारण ११२ किलो वजनाइतका दाब, एक लाख वेळा देतात. समोरून बसणाऱ्या धक्क्याच्या चाचणीत २२.५ किलोचं वजन वरून सोडतात. अहवालावर ‘पास’ लिहिलंय का एवढंच बघून थांबू नका. त्यावरचा मॉडेल क्रमांक तुमच्याच फ्रेमचा आहे का? साइझ कोणती तपासली? तपासलेल्या नमुन्याचं वजन किती होतं? फोर्कची चाचणी झाली का? नमुना ११५० ग्रॅमचा आणि तुम्हाला विकलेली ‘हलकी आवृत्ती’ ८५० ग्रॅमची असेल, तर तो अहवाल तुमच्या फ्रेमचा नाहीच. साचा तोच असला तरी आतले थर वेगळे आहेत.

दुसरी गोष्ट, मापांचं ड्रॉइंग : बॉटम ब्रॅकेटचा (पेडलचा दांडा जिथे फिरतो ती जागा) प्रकार, हेडसेट (हँडल जिच्यावर फिरतं ती) बेअरिंगचे क्रमांक, थ्रू अॅक्सलची (चाकातून आरपार जाणारा दांडा) लांबी आणि आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर), सीटपोस्टचा व्यास, जास्तीत जास्त टायर आणि जास्तीत जास्त डिस्क रोटर. अॅक्सलच्या पिचकडे लोक दुर्लक्ष करतात. १२ मिमीचे अॅक्सल १.०, १.५ आणि १.७५ अशा तिन्ही पिचमध्ये येतात आणि एकाचा आटा दुसऱ्यात बसत नाही. तिसरी गोष्ट वॉरंटी. ती किती वर्षांची यापेक्षा सदोष फ्रेम परत पाठवायचं भाडं कोण देणार, की फोटो पाहूनच नवी देणार, हे विचारा. भाडं आपल्या माथी असेल तर ती वॉरंटी कागदावरच राहते.

बॉटम ब्रॅकेट निवडायची मुभा असेल तर आट्यांचाच घ्यावा : बीएसए किंवा टी ४७. प्रेसफिटमध्ये बेअरिंगचा कप नुसता दाबून बसवतात, म्हणजे भोक शतांश मिलिमीटरपर्यंत बरोबर लागतं, आणि स्वस्त उत्पादनात नेमकं तेच चुकतं. हा एक निर्णय पुढची निम्मी डोकेदुखी वाचवतो. रंगाच्या बाबतीतही तसंच. फक्त मॅट क्लिअर कोट मागावा. जाड रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली असली तर दिसत नाही, क्लिअरखाली बरंच काही दिसतं. दोन जादा हँगर (मागचा गिअर अडकवायची पट्टी), सीट क्लॅम्पची जादा वेज आणि हेडसेटचा पूर्ण संच त्याच पार्सलमध्ये मागवून ठेवावा. हँगर मोडला तर तो साताऱ्यातच काय, पुण्यातही मिळेल याची खात्री नाही.

मोठ्या ब्रँडचं नाव रंगवलेल्या नकली फ्रेमच्या वाटेला जाऊ नये. त्या माल म्हणून कुणाच्याच नसतात, त्यामुळे चाचणीही कुणाची नाही आणि जबाबदारीही. शिवाय आयात मालाबाबतच्या २००७ च्या बौद्धिक संपदा नियमांखाली कस्टम्स असा माल अडवू शकतं.

पैसे भरताना वाद नोंदवायची सोय असलेला मार्ग, म्हणजे कार्ड किंवा प्लॅटफॉर्म, वापरावा. परदेशी खात्यात थेट पैसे पाठवू नयेत. फ्रेम आणि फोर्क टॅरिफच्या ८७१४ ९१ या शीर्षकाखाली येतात. ड्यूटी फक्त फ्रेमच्या किमतीवर बसत नाही, भाडं आणि विमा धरून बसते, तिच्यावर अधिभार आणि मग जीएसटी. मागवायच्या दिवशीचे दर बघून हिशोब आधीच करावा. ‘इनव्हॉइस कमी किमतीचं बनवतो’ असं कारखाना सुचवेल. नको म्हणा. कस्टम्सच्या दंडाची भीती आहेच, पण पार्सल मोडून आलं तर भरपाईही त्या कमी आकड्याचीच मिळते.

खोकं उघडताना

कात्री लावण्याआधी खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो, मग न थांबवता एकच सलग व्हिडिओ. मागच्या ड्रॉपआऊटमध्ये (मागच्या चाकाचा दांडा बसतो ती टोकं) आणि फोर्कच्या टोकांत प्लॅस्टिकचा आडवा आधार बसवलेला असायला हवा. तो नसेल किंवा मोडला असेल तर चेनस्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकापर्यंतच्या खालच्या नळ्या) आणि फोर्कचे पाय दाबले गेलेत का ते आधी बघावं. खोक्याला भोक पडलेलं असेल तर त्याच्या समोर फ्रेमचा कोणता भाग होता ते व्हिडिओतच दाखवावं.

लागणारं सामान

डिजिटल व्हर्नियर, ५ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, जोरदार टॉर्च, घड्याळजी वापरतो तसं दहापट भिंग, फोनला जोडायचा नळीचा कॅमेरा (टोक ८ मिमीपेक्षा बारीक), फीलर गेज (बारीक फटी मोजायच्या पात्या), एक चांगली स्टीलपट्टी, न ताणणारा दोरा आणि २ ते १५ न्यूटन-मीटरचा टॉर्क रेंच. बोअर गेज घरी नसतो आणि विकत घेण्यातही अर्थ नाही. साताऱ्याच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणारी छोटी वर्कशॉप आहेत, भोकाचा व्यास ०.०१ मिमीपर्यंत मोजणं हे त्यांचं रोजचं काम. ओळखीने अर्धा तास मागून घ्यावा. सांगली-मिरजेकडच्यांना कुपवाड एमआयडीसीत हीच सोय होते.

वजन

फ्रेम हँगर, क्लॅम्प, बोल्ट काढून नुसती तोलायची आणि फोर्क न कापलेला. मधल्या साइझची डिस्क ब्रेकची रोड फ्रेम साधारण ९०० ते १२०० ग्रॅम, फोर्क ३५० ते ४५० ग्रॅम. सांगितलेल्या आकड्यापेक्षा ५० ग्रॅम इकडेतिकडे असेल तर तो रंगाचा आणि राळेचा (धाग्यांना बांधून ठेवणारं रेझिन) फरक समजावा. १५० ग्रॅम जड म्हणजे आत राळ साचलेली किंवा वर लांबी. सांगितल्यापेक्षा १०० ग्रॅमने हलकी निघाली तर खूश होऊ नये. कुठला तरी थर कमी पडलाय का, हे शोधायचं काम वाढलं.

बाहेरून

खोली अंधारी करून टॉर्च नळीला जवळजवळ टेकवून, तिरपा प्रकाश लांबीच्या दिशेने टाकावा. समोरून टाकलेल्या उजेडात जे सपाट दिसतं त्यातले खड्डे आणि लाटा तिरप्या उजेडात उठून दिसतात. हाताच्या तळव्याला कळणारी लाट म्हणजे बहुधा साच्यातून खराब निघालेली जागा लांबी भरून घासलेली. सांध्यांकडे जास्त लक्ष द्यावं : सीटस्टे (सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळ्या) जिथे सीट ट्यूबला चिकटवतात, चेनस्टे जिथे बॉटम ब्रॅकेटला मिळतात. तिथे रंगात केसाएवढी सरळ रेघ, सांध्याच्या कडेनेच जाणारी, असेल तर भिंगाखाली घ्या. क्लिअर कोटमधली टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसायला वाईट, पण निरुपद्रवी.

नाण्याने टकटक करून ऐकणं ही जुनी रीत उपयोगी आहे, तिची मर्यादा मात्र माहीत हवी. सांध्याजवळ आणि थर जाड होतो तिथे आवाज आपोआप बदलतो. म्हणून डाव्या चेनस्टेची तुलना उजव्या चेनस्टेच्या त्याच जागेशी करायची. एका बाजूला टणटणीत आणि दुसऱ्या बाजूला बद्द आवाज आला तर तिथे थर सुटलेले असू शकतात. टॉप ट्यूब, म्हणजे वरची आडवी नळी, अंगठ्याने दाबून ‘किती दबते’ बघण्याची सवय मात्र सोडून द्यावी. ती नळी तिथे मुद्दाम पातळ असते, दाबून काही सिद्ध होत नाही आणि जोर जास्त झाला तर इजा होते. स्टँडलाही फ्रेम टॉप ट्यूबला धरून अडकवू नये, सीटपोस्टला धरावी.

आतून : इथे घाई नको

साच्यात थर लावताना आत फुगा ठेवतात आणि तापवताना त्यात हवा भरतात. फुग्याने थर साच्याच्या भिंतीवर दाबले गेले की दोन थरांमधली हवा आणि जादा राळ बाहेर पडते. फुगा कोपऱ्यात पोचला नाही, की तिथला दाब कमी पडतो. कापड जरा मोठं कापलं गेलं, की त्याला चुणी पडते. फ्रेमचे बहुतेक दोष या दोन कारणांतून येतात आणि ते आतच दिसतात. म्हणून कॅमेरा हेड ट्यूबमधून (स्टिअरर जिच्यात बसतो ती नळी), सीट ट्यूबमधून, बॉटम ब्रॅकेटमधून आणि केबलच्या भोकांतून सगळीकडे फिरवावा, आणि रेकॉर्डिंग चालू ठेवावं.

चांगला आतला पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत नसला तरी एकसारखा असतो : सौम्य चमक, धाग्यांच्या दिशा स्पष्ट, फुग्याच्या घडीचे बारीक ठसे. फुग्याचा पातळ प्लॅस्टिक पापुद्रा किंवा फोमचा तुकडा चिकटून राहिला असेल तर तो निष्काळजीपणा आहे, कमजोरी नव्हे. सुटा असेल तर खडखडेल, तेवढा ओढून काढावा.

चुणी दिसली की तिची दिशा बघा. नळीच्या लांबीला समांतर बारीक वळी बहुतेक वेळा सोडून देता येते. नळीला आडवी चुणी गंभीर, कारण तिथे लांबीच्या दिशेने भार नेणारा धागा वाकडा झालेला असतो आणि दाबाखाली वाकडा धागा आणखी वाकतो. अशी आडवी चुणी डाऊन ट्यूबच्या (हेड ट्यूबपासून बॉटम ब्रॅकेटकडे उतरणारी नळी) वरच्या टोकाला हेड ट्यूबजवळ, बॉटम ब्रॅकेटच्या मागे चेनस्टेच्या सुरुवातीला किंवा फोर्कच्या क्राऊनमध्ये (दोन पाय वर मिळतात तिथे) असेल तर तिची खोली मोजत बसू नये. फ्रेम परत.

मधासारखा पिवळसर, चकचकीत गोळा दिसला तर ती साचलेली राळ. राळेला धाग्याचा जोर नसतो, ती तडकते आणि वजन वाढवते. सीट ट्यूबच्या तळाशी थोडी असली तर चालेल, बेअरिंगच्या जागेभोवती नको. उलट, धागे कोरडे, निस्तेज, नखाने सुटतील असे दिसले तर राळ पोचलीच नाही. कोरडी जागा राळेच्या गोळ्याहून वाईट, कारण तिथले थर एकमेकांना धरून नाहीत. बॉटम ब्रॅकेटच्या वर तीन नळ्या जिथे मिळतात तो कोपरा हमखास तपासावा, फुगा सगळ्यात आधी तिथेच कमी पडतो.

आणखी एक, पावसाच्या गावासाठी. बॉटम ब्रॅकेटच्या खाली पाणी निथळायला भोक आहे का? जून ते सप्टेंबर सीटपोस्टच्या बाजूने आणि केबलच्या भोकांतून पाणी आत जातंच. कार्बनला पाण्याने फारसं होत नाही, पण कार्बनला थेट टेकलेला अॅल्युमिनियमचा भाग ओलाव्यात गंजतो. म्हणून अॅल्युमिनियमची स्लीव्ह जिथे चिकटवली आहे तिथे मध्ये काचतंतूचा किंवा गोंदाचा सलग थर हवा. स्लीव्हच्या कडेला पांढरी पूड दिसली तर गंज सुरू झालेला आहे.

बॉटम ब्रॅकेट

आधी प्रकाराची खात्री. बीएसएला रुंदी ६८ मिमी आणि आटे १.३७ इंच गुणिले २४, त्यातले चेनच्या बाजूचे उलटे. टी ४७ चे आटे ४७ गुणिले १. प्रेसफिटमध्ये बीबी ८६ चं भोक ४१ मिमी आणि रुंदी ८६.५, पीएफ ३० चं ४६ आणि ६८, बीबी ३८६ चं ४६ आणि ८६.५.

आट्यांचा असेल तर कप ग्रीस लावून हाताने किमान तीन-चार फेरे आत जायला हवा. पहिल्याच फेऱ्याला अडला तर रंग किंवा गोंद आट्यात शिरलाय, तो साफ करावा. साफ करूनही अडत असेल तर पाना लावून जोर करू नये. नंतर शेलची (बॉटम ब्रॅकेट बसतो ती फ्रेममधली आडवी नळी) रुंदी चार ठिकाणी मोजावी : वर, खाली, पुढे, मागे. बाहेरचा कप शेलच्या तोंडावर टेकतो, त्यामुळे तोंड तिरपं तर बेअरिंगही तिरपं. फरक ०.२ मिमीच्या वर गेला तर फेसिंग (तोंड कापून सपाट करणं) लागेल. अॅल्युमिनियमच्या शेलचं फेसिंग करता येतं, पण उघडं कार्बन तोंड असेल तर कारखान्याशी बोलावं.

प्रेसफिटला बोअर गेज लागतोच. व्हर्नियरने गोल भोक खात्रीने मोजता येत नाही. प्रत्येक बाजूच्या भोकात दोन वेगवेगळ्या खोलींवर, प्रत्येक ठिकाणी काटकोनातली दोन मापं, म्हणजे एकूण आठ आकडे. मग ज्या कपाची जोडणी करायची त्याचा बाहेरचा व्यास मायक्रोमीटरने. भोक कपापेक्षा काही शतांश मिलिमीटर लहान हवं. जास्त लहान असेल तर कप चेपून बेअरिंग जाम होतं, मोठं असेल तर कप हलतो आणि चढावर प्रत्येक पेडलला करकर ऐकू येते. ०.१ मिमीपर्यंतचं मोठेपण रिटेनिंग कंपाऊंड (फट भरून कप धरून ठेवणारं रसायन) लावून निभतं. त्याच भोकात काटकोनातल्या मापांत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक, म्हणजे भोक लंबगोल असेल, तर कोणतंही रसायन ते गोल करत नाही.

व्यास बरोबर असूनही दोन भोकं एका रेषेत नसतील तर बेअरिंग दोन-तीन महिन्यांत खलास होतात. याची परीक्षा वर्कशॉपमध्ये सोपी आहे. दोन्ही भोकांत हाताने घट्ट बसतील असे दोन बुश टर्न करून घ्यायचे, मधून २० मिमीचा ग्राइंड केलेला सरळ रॉड जाईल इतकं बुशचं भोक ठेवायचं. रॉड एका बुशातून दुसऱ्यात सहज शिरून बोटाने फिरला तर रेष बरोबर. पहिल्यातून जाऊन दुसऱ्याच्या तोंडाशी अडला तर नाही. बुश बनवून ठेवले की ओळखीतल्या सगळ्यांच्या फ्रेमना कामाला येतात.

हेडसेट आणि फोर्क

हेड ट्यूबमध्ये वरचं बेअरिंग बहुधा ४१.८ मिमीचं आणि खालचं ५२ मिमीचं असतं. बेअरिंगच्या तिरप्या कडेवर इंजिनिअरिंग ब्लूचा (टेकलेली जागा दाखवणारा निळा रंग) अगदी पातळ हात द्यावा, ते जागेवर ठेवून पाव फेरा फिरवावं आणि काढून बघावं. निळी रेघ पूर्ण वर्तुळभर उमटली तर बैठक चांगली. दोनच ठिकाणी उमटली तर बेअरिंग तिथेच टेकतंय, बाकी अधांतरी आहे. तिथे रंगाचा थर चढलेला असेल तर तो पॉलिश पेपरने अलगद काढता येतो. कार्बनचीच बैठक वाकडी असेल तर घासत बसू नये. बेअरिंगवरचे अंश, ३६ गुणिले ४५ की ४५ गुणिले ४५, लिहून ठेवावेत. हेडसेटमधून केबल जाणाऱ्या फ्रेममध्ये हायड्रॉलिक नळ्या स्टिअररला घासतात का तेही बघावं. घासून कार्बनमध्ये खाच पडते आणि ती जागा वरून कधीच दिसत नाही.

फोर्क हा सगळ्यात कडक परीक्षेचा भाग. फ्रेमला तडा गेला तर बहुतेक वेळा आधी आवाज येतो, सायकल सैल वाटते. स्टिअरर तुटतो तेव्हा हँडल हातात राहतं. स्टिअररच्या वरच्या सरळ भागाचा व्यास २८.६ मिमी. तो पाच ठिकाणी मोजावा, फरक ०.१ मिमीच्या आत हवा. बारीक निघाला तर स्टेम (हँडल स्टिअररला धरून ठेवणारा भाग) घसरतो, मग माणूस बोल्ट आवळत जातो आणि स्टिअरर चिरडतो. आत कॅमेरा घालून क्राऊनपर्यंत बघावं. आडव्या चुणीला इथे अजिबात माफी नाही.

सगळं पास झाल्यावर शेवटी स्टिअरर कापाल तेव्हा तो कापलेला तुकडा फेकू नका. फ्रेम न तोडता आतलं काम दाखवणारा एवढाच पुरावा हाती येतो. कापताना बारीक दातांची हॅक्सॉ पट्टी, कापायच्या जागी टेप, थोडं पाणी आणि तोंडाला चांगला मास्क, कारण ही धूळ फुप्फुसात जाऊ नये. तुकड्याचं तोंड ४०० पासून १२०० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरवर घासून भिंगाखाली धरा. भिंतीची जाडी चार बाजूंना मोजा, ०.३ मिमीपेक्षा जास्त फरक म्हणजे थर एकसारखे लागलेले नाहीत. थरांमध्ये काळे ठिपके किंवा फटी दिसल्या तर त्या पोकळ्या. एखादा ठिपका चालतो. एका थराच्या कडेने सलग फट असेल तर तो फोर्क लावू नये आणि तुकड्याचे फोटो कारखान्याला पाठवावेत. इथवरचा व्हिडिओ आणि मापं जपून ठेवली असतील तर ‘कापलाय’ या सबबीला उत्तर देता येतं.

सरळपणा

चाक न लावता थ्रू अॅक्सल घालून बघणं ही सगळ्यात स्वस्त चाचणी. एका बाजूने घातलेला अॅक्सल समोरच्या आट्यात हाताने, पाय न ताणता, लागला पाहिजे. लागत नसेल तर दोन भोकं समोरासमोर नाहीत. मागच्या ड्रॉपआऊटमधलं अंतर रोडला १४२ मिमी आणि बूस्ट मापाच्या माउंटन बाइकला १४८.

मग दोरा. डाव्या ड्रॉपआऊटच्या भोकातून निघून हेड ट्यूबला वळसा घालून उजव्या ड्रॉपआऊटमध्ये, ताणून. सीट ट्यूबपासून दोऱ्याचं अंतर दोन्हीकडे मोजायचं. फरक १ मिमीपर्यंत असेल तर सोडून द्या. २ मिमी किंवा जास्त असेल तर चाकाने खातरी करा. कॅसेट आणि रोटर काढलेलं चाक लावून रिम ते चेनस्टे हे अंतर दोन्ही बाजूंना घ्या आणि शक्य असेल तर चाक उलटं लावून पुन्हा घ्या. फटीचा फरक चाकाबरोबर बाजू बदलत असेल तर चाक आऊट आहे, तिथेच राहिला तर फ्रेम. काही फ्रेमचा मागचा भाग मुद्दाम एका बाजूला सरकवलेला असतो, तेवढं ड्रॉइंगमध्ये बघून घ्या. चाक चेनस्टेपाशी मधोमध पण वर सीटस्टेपाशी एका बाजूला झुकलेलं असेल तर एक ड्रॉपआऊट वर-खाली आहे. लोखंडी फ्रेम वाकवून सरळ करता येते, कार्बन नाही. ३ मिमी म्हणजे परत.

टायरला दोन्ही बाजूंनी निदान ४ मिमी मोकळीक ठेवावी. पावसाळ्यात कासच्या वाटेला लागणारा जांभ्याचा तांबडा चिखल टायरला चिकटून चेनस्टेच्या आतल्या बाजूला कानशीसारखा घासतो.

ब्रेकची बैठक, हँगर, आटे

फ्लॅट माउंटची (डिस्क ब्रेक फ्रेमला सपाट बसवायची पद्धत) भोकं मागे ३४ मिमी आणि पुढे ७० मिमी अंतरावर असतात. बैठकीवर स्टीलपट्टी आडवी-उभी ठेवून खाली फीलर गेज सरकवावा. ०.१ मिमीची पाती शिरत असेल तर आधी रंगाचा उंचवटा काढावा. बैठक तिरपी असेल तर ब्रेकचा पॅड एका कडेनेच रोटरला लागतो, तिरपा झिजतो आणि घाट उतरताना किंचाळतो. बोल्टची लांबी चेनस्टेच्या जाडीवर ठरते, ती मोजूनच बोल्ट घ्यावेत. हँगरचा आटा १० मिमी, पिच १. हँगर बसवल्यावर तो फ्रेमला सपाट टेकतो का बघा आणि सरळपणा गेजने तपासा, नाहीतर गिअर लागता लागणार नाहीत. बाटलीच्या पिंजऱ्याचे आटे २ ते ३ न्यूटन-मीटरला फिरता कामा नयेत.

सीट ट्यूब गोल २७.२ ची असेल तर पोस्ट पेस्ट न लावता हाताने आत सरकली पाहिजे, चरे न पडता आणि न डुगडुगता. कार्बनच्या नळीला आतून रीमर लावून मोठं करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये.

निकाल लावताना

क्लिअर कोटचे डाग, आतला फुग्याचा पापुद्रा, आट्यातला रंग यांच्यासाठी भांडण करू नये. किंचित मोठं प्रेसफिट भोक, फेसिंग लागणारी तोंडं, हलणारा पिंजऱ्याचा आटा : याच्या फोटो-मापांसह कारखान्याकडे दुरुस्तीच्या खर्चाइतके पैसे परत मागावेत, बरेचदा मिळतात. आडवी चुणी, कोरडे धागे, रेषेत नसलेली बेअरिंगची भोकं, ३ मिमीचा वाकडेपणा आणि फोर्कमधला कोणताही संशय यांच्यावर सूट स्वीकारू नये. तक्रार पाठवताना प्रत्येक फोटोत व्हर्नियरचा आकडा आणि फ्रेमचा क्रमांक एकत्र दिसू द्या, आणि वाद नोंदवायची मुदत संपायच्या आत पाठवा.

पहिले ३०० किलोमीटर

स्टेम ५ न्यूटन-मीटर, सीट क्लॅम्प ५ ते ६, दोन्हीकडे कार्बन पेस्ट, आणि स्टिअररमध्ये एक्स्पांडर (आतून आधार देणारा प्लग) स्टेमच्या नेमका आत. भागावर वेगळा आकडा छापलेला असेल तर तोच पाळावा. सीटपोस्टला टेपची खूण करून ती खाली सरकते का बघावं. पहिले दोन दिवस कोरेगावच्या रस्त्यावर, सपाटीला. ताशी २० च्या वेगात पुढचा ब्रेक जोरात दाबून फोर्कमधून कट् असा आवाज येतो का ऐका, मग उभं राहून पेडल मारत बॉटम ब्रॅकेट ऐका. १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कला लावून सायकल धुवा आणि क्राऊन, हेड ट्यूबच्या खालची बाजू, चेनस्टेची सुरुवात भिंगाने बघा. रंगातली रेघ नखाला लागली आणि तिच्या दोन बाजूंना नाण्याचा आवाज वेगळा आला, तर ती तडा समजून सायकल उभी करा. काही न आढळल्यास यवतेश्वर चढा, आणि पहिल्यांदा उतरताना ब्रेक सोडून वेग घेऊ नका. ३०० किलोमीटरला फोर्क एकदा काढून खालच्या बेअरिंगची बैठक आणि केबल घासण्याची जागा बघावी, आणि ती मापं पहिल्या दिवसाच्या कागदावरच शेजारी लिहावीत.